झिरो हवेच्या दोन ट्यूब

मला बंद जागेची भीती वाटते. लहानपणी वलगावला लपाछपीत मी धान्याच्या रिकाम्या कणगीत उतरलो आणि वरून कोणीतरी झाकण ठेवून जेवायला निघून गेलं, तेव्हापासूनची. भरतीच्या वेळी डॉक्टरांनी छाती मोजली, दात मोजले, तळपाय पाहिले. कणगीबद्दल कोणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

पुढे एका सकाळी फॉल-इनमध्ये सुभेदार साहेबांनी विचारलं, केमिकलच्या कोर्सला कोण जाणार? मला वाटलं, केमिकल म्हणजे स्टोअर. फिनेल, ब्लीचिंग पावडर, सावलीतली नोकरी. मी हात वर केला. अख्ख्या कंपनीत दुसरा एकही हात वर नव्हता. यावरून शहाण्या माणसाने काहीतरी ओळखलं असतं.

अशा रीतीने मी एन.बी.सी. प्लाटूनमध्ये गेलो. एन.बी.सी. म्हणजे न्यूक्लियर, बायोलॉजिकल, केमिकल. शत्रूने अणू, जंतू किंवा विषारी वायू सोडला तर तिथे आधी जाणारे आम्ही. अंगावर कोळशाचा थर असलेला जाड सूट, रबरी बूट, रबरी हातमोजे, तोंडावर मास्क. कणगी निदान एका जागी उभी होती. ही कणगी अंगावर घालून पळायचं होतं.

कोर्सच्या शेवटी गॅस चेंबर असतं. एक खोली, आत अश्रुधूर. मास्क घालून आत जायचं, आत मास्क काढून नाव, नंबर, युनिट सांगायचं, मास्क परत घालायचा आणि चालत बाहेर यायचं. मी नाव सांगितलं, नंबर अर्धा सांगितला आणि दाराकडे धावलो. दार बाहेर उघडणारं होतं. मी ते आत ओढत होतो. शेवटी दाराची कडी उपटून माझ्या हातात आली. इन्स्ट्रक्टरने बाहेरून दार उघडलं, तेव्हा मी कडी हातात धरूनच सॅल्यूट मारला.

त्या दिवसापासून प्लाटूनमध्ये माझं नाव कडी. हवालदार झालो तरी कडीच. हे नाव पाडणारा रफिक शेख, माझ्याच प्लाटूनमधला नाईक. अकोल्याच्या जुन्या शहरातला. घरी अत्तराचं दुकान होतं, ते त्याचे मोठे भाऊ युसूफभाई चालवत. प्लाटूनमध्ये वऱ्हाडी आम्ही दोघंच. दुसऱ्या कोणाला कळू द्यायचं नसेल तेव्हा आम्ही वऱ्हाडीत बोलायचो. पुण्याकडच्या जवानांना वाटायचं, आम्ही भांडतो आहोत. कणगीची गोष्ट मी त्यालाच तेवढी सांगितली होती.

ज्या वर्षांची ही गोष्ट आहे, त्या वर्षांत आमच्या भागाचं नाव वर्तमानपत्रात रोज येत असे. कशासाठी येत असे, ते वाचकांना ठाऊक आहे.

तेव्हा प्लाटूनकडे एक नवीन यंत्र ट्रायलसाठी आलं. बिस्किटाच्या डब्याएवढं, वर छोटा स्क्रीन, बाजूला हवा ओढायची नळी. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या मॅडमनी ते बनवलं होतं. मॅडम शास्त्रज्ञ, डॉक्टरेट झालेल्या, पण पायात कॅनव्हासचे बूट घालून आमच्याबरोबर चिखलात उतरायच्या. त्यांनी आम्हाला समजावलं. आत एक चिप आहे. तिच्यावर इतक्या बारीक तारा आहेत की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही त्या दिसत नाहीत. त्यांना नॅनोवायर म्हणतात. तारेतून वीज जाते. हवेतला विषाचा एखादा कण तारेवर बसला की वीज कमीजास्त होते आणि डबा ओरडतो.

एक कण बसल्याने एवढं काय होतं, असं मी विचारलं. रफिक म्हणाला, एका खोलीच्या घरात पाहुणा आला की चुलीपासून खाटेपर्यंत सगळं हलतं, पाटलाच्या घरी दहा आले तरी पत्ता लागत नाही. ही तार एका खोलीची. मॅडमना ते इतकं आवडलं की पुढे साहेब लोकांसमोर त्या तेच सांगायच्या. डब्यात जंतूंसाठी दुसऱ्या चिपची जागा होती, पण ती चिप तयार व्हायची होती. तिथे नुसतं झाकण होतं.

आता ट्रायल कुठे घ्यायची? खरा नर्व्ह गॅस कोणी देत नाही. पण शेतात फवारतात ती औषधं आणि नर्व्ह गॅस ही एकाच घराण्यातली भावंडं. एक गावात राहिलं, एक फौजेत गेलं. आमच्या कॅप्टन साहेबांनी विचारलं, फवारणी जोरात कुठे चालते? पोळा जवळ आला होता. मला वाटलं, सरकारी खर्चाने घरचे बैल पाहून येऊ. मी पुन्हा हात वर केला.

पोळ्याच्या दिवशी मी अकोल्याबाहेर बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात सूट घालून उन्हात उभा होतो. समोरच्या रस्त्याने झुली घातलेले बैल वाजत गाजत गेले. एका बैलाने माझ्याकडे पाहिलं आणि तो बुजला.

डब्याने पहिल्याच आठवड्यात आम्हाला जेरीस आणलं. तो कशावरही ओरडायचा. रफिकच्या अत्तरावर, जवानांच्या मच्छर अगरबत्तीवर, लंगरमधल्या, म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातल्या, रॉकेलवर. सर्वांत जास्त नुसत्या हवेवर. रोज सकाळी त्याला झिरो द्यावा लागे. वजन करण्याआधी तराजूचा काटा मध्ये आहे का पाहतात, तसं. स्वच्छ हवा दाखवायची आणि बटण दाबायचं, म्हणजे डबा समजायचा की ही चांगली हवा. त्यासाठी स्वच्छ हवेचा सिलिंडर आला होता. तो रस्त्यातच गळून रिकामा झाला. दुसरा यायला वेळ होता. मॅडम म्हणाल्या, मग बाहेरची स्वच्छ हवा शोधू.

आम्ही जीपमध्ये डबा घेऊन ती शोधत फिरलो. एका रविवारी कॅप्टन साहेबांनी मला वलगावला घरी जाऊ दिलं, डबा बरोबर घेऊन. मी रुबाबात उंबरा ओलांडला आणि डबा कोकलायला लागला. दारामागे फवारणीचा पंप टांगलेला होता. मी परसात गेलो, तिथेही तेच. देवघरासमोर गेलो, तिथेही.

आई भाकरी टाकत होती. "काहून बोंबलून राहिलं रे हे?"

"आई, हवेत विष हाये म्हणते."

"मंग?" ती म्हणाली. "फवारणी चालू हाये ना."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. आमच्याकडे त्याला विष म्हणत नाहीत. औषध म्हणतात.

शेवटी झिरो सापडला तो सातपुड्यात. हिवरखेड मागे पडलं, कपाशी संपली, चढ लागला, सागाची झाडं आली आणि स्क्रीनवरचा आकडा उतरत उतरत शून्यावर गेला. मॅडमनी जीप थांबवायला लावली. पण रोज झिरो द्यायला एवढ्या लांब कोण येणार? रफिक म्हणाला, हवाच खाली घेऊन जाऊ. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाच्या दोन ट्यूब आणल्या. डबा रबरावर ओरडू नये म्हणून त्या आतून बाहेरून साबणाने धुतल्या, वाळवल्या आणि हातपंप घेऊन आम्ही दोघं परत डोंगरावर गेलो. एक ट्यूब त्याने भरायची, एक मी.

ट्रॅक्टरची ट्यूब हातपंपाने भरून पाहिल्याशिवाय माझं पुढचं वागणं कोणी हसण्यावारी नेऊ नये. रफिक शर्ट काढून भिडला. मी थोडी भरली, बसलो, परत थोडी भरली. मग त्याला म्हणालो की माझा पंप गळतो आहे, खाली हिवरखेडला वायसर घेऊन येतो. जीप घेऊन खाली गेलो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर ट्यूब टम्म फुगवली, चहा घेतला आणि वर आलो. रफिकची अजून अर्धीच झाली होती. त्याने माझ्या ट्यूबकडे पाहिलं, माझ्या कोरड्या बनियनकडे पाहिलं आणि पुन्हा पंप मारायला लागला. दुसऱ्या दिवशी झिरो द्यायला मी त्याचीच ट्यूब पुढे केली. माझी राखीव म्हणून बाजूला ठेवली.

ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो, तो त्यानंतरच्या आठवड्यातला.

मॅडमना बंद जागेतली रीडिंग हवी होती. जुन्या शहरात मोर्णा नदीच्या बाजूला एका व्यापाऱ्याचं तळघर होतं. वर दुकान, खाली फवारणीच्या औषधांच्या कॅनचा साठा. त्याने परवानगी दिली. सूट दोनच होते. एक माझ्या अंगावर, दुसरा कॅप्टन साहेबांच्या. तळघर अरुंद आहे, आपला एकच माणूस जाईल, असं ठरलं. कॅप्टन साहेबांनी विचारलं, कोण जाणार? त्या दिवशी मी हात वर केला नाही. ते म्हणाले, "कडी, तुम जाओगे." दोन्ही रीतींनी निकाल एकच लागतो, एवढं मला फौजेने शिकवलं.

दुपारची वेळ. लोडशेडिंग चालू होतं. मी टॉर्च आणि डबा घेऊन दगडी पायऱ्या उतरलो. पुढे वाट दाखवायला देविदास, त्या दुकानाचा हमाल, पन्नाशीचा. त्याला मास्क नव्हता. मी हाताने खूण केली की बाहेर थांब. तो म्हणाला, "मले काय होते? इथंच काम करून राहिलो इतकी वर्षं."

तळघराला एकच वाट, ती म्हणजे जिना. दुसरीकडे छताजवळ गल्लीच्या पातळीला एक झरोका, दगडात बसवलेली लोखंडी जाळी, तिच्यातून पंजाही जाणार नाही अशी. कॅनचे खोके छतापर्यंत. जिन्याच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर रचलेले. खाली फरशीवर पाणी. नदी जवळ असल्याने पावसाळ्यात तिथे झिरपतं.

डबा पायरीवरच ओरडायला लागला. आत गेलो तसा आकडा चढत गेला. मी रेडिओवर रीडिंग सांगत होतो आणि मॅडमचा खूश झालेला आवाज मागून ऐकू येत होता. माझं लक्ष आकड्याकडे कमी आणि जिन्यातून येणाऱ्या उजेडाकडे जास्त होतं. तो दिसेपर्यंत मी ठीक असतो.

मग फळी मोडली. पाण्याने कुजलेली असणार. एका बाजूचे खोके दुसऱ्या बाजूवर पडले, दुसरी बाजू त्यांच्यासकट जिन्यात कोसळली. आवाज थांबला तेव्हा उजेड गेला होता. टॉर्च मारला. जिना वरपर्यंत भरलेला. खाली कॅन फुटून पांढरं पाणी वाहत होतं. देविदास भिंतीला पाठ लावून बसला होता, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत भिजलेला.

"वन फॉर टू," रेडिओवर कॅप्टन साहेब. "रिपोर्ट."

मी रिपोर्ट दिला. जिना बंद. मी ठीक. एक सिव्हिलियन, मास्क नाही, अंगावर औषध.

"वेट. निकाल रहा हूँ. मास्क मत उतारना. कुछ भी हो."

हे विष कातडीतूनही आत जातं, म्हणून जिन्यातल्या त्या ओल्या खोक्यांना सूटशिवाय कोणी हात लावू शकत नव्हतं. वर सूट एकच होता. म्हणजे कॅप्टन साहेब एकटे एक एक खोका उपसणार. त्याला किती वेळ लागेल, हे त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

मास्कमधून स्वतःचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. तो मला कणगीतला वाटायला लागला. हात आपोआप मास्कच्या पट्ट्याकडे गेले. रबरी हातमोज्याने पट्टा लवकर सापडत नाही, त्यामुळे वाचलो. देविदास खोकला, तेव्हा मी भानावर आलो.

डब्याची नळी धरून मी भिंतीकडेने फिरलो. झरोक्याखाली आकडा सर्वांत कमी होता. देविदासला ओढत तिथे आणलं, खोक्यांवर उंच बसवलं. कपडे फाडून काढले. आमच्या किटमध्ये अंगावरचं विष शोषायला मुलतानी माती असते. हो, तीच, बायका चेहऱ्याला लावतात ती. सगळी पुडी त्याच्या अंगाला चोळली. त्याच्या तोंडातून लाळ येत होती, डोळ्यांच्या बाहुल्या राईएवढ्या झाल्या होत्या. या विषावर उतारा म्हणून असलेलं ॲट्रोपिनचं इंजेक्शन त्याच्या मांडीत मारलं. मग डबा पाहिला. आकडा शेवटाला जाऊन थांबला होता. तारेवर इतके पाहुणे बसले होते की आता नवीन आलेला कळणार नव्हता. स्वच्छ हवा मिळेपर्यंत डबा आंधळा.

"कडीभाऊ." आवाज डोक्यावरून आला. झरोक्याच्या जाळीपलीकडे मास्क घातलेलं एक तोंड. "हायेस का गेला?"

"हाये."

"दार इकडून नाई, बरं का. कडी धरून वढू नको."

त्याने स्वतःची इंजेक्शनं आणि मुलतानी मातीची पुडी जाळीतून आत टाकली. मी म्हणालो, तुझ्याजवळ एक राहू दे. तो म्हणाला, मी गल्लीत हाये, मले काय होते? दहा मिनिटांपूर्वी हेच वाक्य मी ऐकलं होतं.

देविदासचा श्वास घुरघुरत होता. त्याला चांगली हवा हवी होती आणि तळघरात ती नव्हती. रफिकने जीपमधून त्याची ट्यूब आणली. डब्याला झिरो देताना लावायचो ती लांब रबरी नळी ट्यूबच्या व्हॉल्व्हला जोडली आणि दुसरं टोक जाळीतून खाली सोडलं. मॅडम रेडिओवर आल्या. त्या घाबरलेल्या होत्या, पण डोकं ठिकाणावर होतं. म्हणाल्या, थोडी हवा आधी डब्याला द्या, म्हणजे तिथली हवा किती वाईट आहे ते कळेल, मग ठरवता येईल.

रफिक म्हणाला, "मॅडम, डबा नंतर. माणूस आधी."

मी नळीचं टोक देविदासच्या नाकापाशी धरलं, वर त्याच्याच गमछ्याचा कोरडा तुकडा गुंडाळला. हवा नीट येईना. ट्यूबमधला दाब कमी होता. मग ती एकदम जोरात यायला लागली. मी वर पाहिलं. रफिक गल्लीत ट्यूबवर पालथा झोपला होता. सगळं वजन टाकून हवा दाबत होता.

सातपुड्याची हवा देविदासच्या छातीत जायला लागली. हळूहळू घुरघुर कमी झाली. मी अंधारात उभा राहून नळी धरली होती आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता की ही संपली तर पुढची ट्यूब माझी आहे.

ती संपली. "दुसरी लावतो," रफिक म्हणाला.

मग मी सांगितलं. "रफिक, ते ट्यूब डोंगरातली नाई बे. हिवरखेडच्या पंक्चरवाल्याची हाये."

रेडिओ चालूच होता. कॅप्टन साहेबांनी ऐकलं. मॅडमनी ऐकलं.

"मले माहीत हाये," रफिक म्हणाला. "पंक्चरच्या सोल्यूशनचा वास येते तिले. अन् तुयं बनियन इस्त्रीचं होतं."

"चालीन का?"

"श्वास घ्याले झिरो लागत नाई, भाऊ. धर नळी."

आणि तो पुन्हा ट्यूबवर झोपला.

तेवढ्यात लाइट आली. तळघरात एक बल्ब पेटला. वर गल्लीतल्या लोकांनी आवाज केला, लाइट आल्यावर आपल्याकडे करतात तसा. कोपऱ्यात घुर्र झालं. झिरपणारं पाणी उपसायची मोटर होती, तिचं बटण चालूच राहिलेलं होतं. फरशीवरचं पांढरं पाणी कोपऱ्याकडे सरकायला लागलं. मी रेडिओवर सांगितलं की मोटर सुरू झाली, पाणी उतरतं आहे. साहेब म्हणाले, गुड. खरंच बरं वाटलं. सूटच्या आत घाम बुटांपर्यंत उतरला होता, जिन्यात खोके सरकल्याचा आवाज जवळ येत होता, देविदासचा श्वास सरळ होता, आणि विष आपोआप बाहेर चाललं होतं.

कुठे चाललं होतं, हा प्रश्न मला पडला नाही. मोटरचा पाइप गल्लीतल्या नालीत सोडलेला होता. नाली झरोक्याखालून जात होती. ती तुंबलेली होती, म्हणून पाणी तिच्या काठावरून दगडांवर पसरलं. ट्यूबमधली हवा जशी कमी होत गेली, तसा रफिक खाली खाली येत गेला आणि शेवटी दगडांवर टेकला.

गल्लीतली हवा वाहती होती. तोंडावर मास्क होता, वास येणार नव्हता. आणि द्रव ओळखायचा कागद रफिकच्या खिशातच होता. संशयास्पद पाण्याला लावायचा, रंग बदलला की विष. आम्ही तो शेकडो वेळा वापरलेला. पण जुन्या शहरातल्या नालीचं पाणी संशयास्पद आहे, असं जुन्या शहरातल्या माणसाला वाटत नाही. नाली ओलीच असते.

दुसऱ्या ट्यूबमधली हवा संपत आली, तेव्हा जिन्यात उजेडाची एक फट दिसली आणि फटीतून कॅप्टन साहेबांचा हातमोजा. आधी देविदासला वर दिला, मग मी निघालो. बाहेर मोकळ्यावर आल्यावर साहेबांनी माझा मास्क उतरवला. मी आकाशाकडे पाहून लांब श्वास घेतला आणि हसलो. मागे वळून रफिकला शोधलं.

तो पानठेल्याच्या पायरीवर बसला होता. मास्क हातात. समोरचा शर्ट ओला. हनुवटीवरून लाळ ओघळत होती आणि तो ती पुसत नव्हता.

"कडीभाऊ," तो म्हणाला, "तू अंधारात काहून उभा हायेस?"

कडक ऊन होतं. विषाने बाहुल्या आवळल्या की माणसाला उजेड मंद दिसतो. मी त्याचा शर्ट फाडला. इंजेक्शन कोणाकडे उरलं नव्हतं, सगळी, साहेबांचीसुद्धा, देविदासच्या मांडीत गेली होती. त्याला आणि देविदासला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं.

त्या वर्षांत अकोल्याच्या वॉर्डातल्या नर्सला या विषावर काय द्यायचं हे विचारावं लागत नसे. आम्ही स्ट्रेचर ठेवेपर्यंत सुई शिरेत होती. तिचे हात एकदाही अडखळले नाहीत. इतकी सवय तिला कशाने झाली होती, ते मी लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दोघंही शुद्धीवर होते. शेजारशेजारच्या खाटांवर. युसूफभाई रात्रीपासून तिथेच. रफिक वॉर्डातल्या सगळ्यांना कडीची गोष्ट सांगत होता, नंतर पंक्चरवाल्याची. युसूफभाईंनी मला विचारलं, "सच में चाय भी पी?" मी म्हटलं, पी. ते हसता हसता रडायला लागले. मग रफिक म्हणाला, "कडीभाऊ, पुढच्या टायमाले तुया ट्यूबवर मी बसतो अन् तू भर." मी हो म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याला उशीवरून मान उचलता येईना. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की या विषात असं होतं कधी कधी. माणूस सुधारतो आणि मग स्नायू थकतात, आधी मानेचे, मग छातीचे. मशीन लावतो आहोत. मी आत गेलो तेव्हा त्याने डोळ्यांनीच जवळ बोलावलं. आवाज बारीक झाला होता.

"मले आता समजलं," तो म्हणाला. "कनगीत कसं वाटते ते."

मी त्याचा हात धरून बसलो. दार उघडं आहे, असं त्याला सांगितलं. दार खरंच उघडं होतं.

मशीनने त्याला दोन दिवस श्वास दिला. शुक्रवारी तो गेला.

मोर्णेच्या काठच्या कब्रस्तानात त्याला सलामी दिली. कॅप्टन साहेबांनी तिरंगा युसूफभाईंच्या हातात दिला. मॅडम मागे उभ्या होत्या, कॅनव्हासचे बूट काढून हातात धरलेले. डबा पुढे सुधारला, असं ऐकतो. त्याला कपड्यावर टेकवून पाहायची एक पट्टी जोडली आहे म्हणतात. मी तो परत पाहिला नाही. देविदासने तळघराचं काम सोडलं. आता तो स्टेशनवर हमाली करतो.

मी रिटायर होऊन वलगावला आलो. दर वर्षी पोळा झाला की मी एक ट्यूब आणि हातपंप घेऊन हिवरखेडच्या पुढे चढतो, जिथे मॅडमनी जीप थांबवायला लावली होती तिथे. पंक्चरवाल्याचं दुकान वाटेत लागतं. तो हात करतो, मी थांबत नाही. वर शर्ट काढून बसतो आणि भरतो. वयामुळे आता अर्धा दिवस जातो.

अकोला स्टेशनवर देविदास ट्यूब खांद्यावर घेतो. त्या वजनाचे तो पैसे घेत नाही आणि दुसऱ्या कोणाला ती उचलू देत नाही. कब्रस्तानाच्या दारात युसूफभाई उभे असतात. ट्यूबवर अंगठा दाबून पाहतात, वाकून वास घेतात आणि दर वर्षी तेच विचारतात.

"पंक्चरवाले की तो नहीं है ना?"

"नाही, युसूफभाई. हाताची आहे."

मग ते कबरीपाशी बसून व्हॉल्व्ह उघडतात. हवा निघायला बराच वेळ लागतो. ते आणि देविदास बसून राहतात. ट्यूब जमिनीला टेकेपर्यंत मी सावधानमध्ये उभा असतो.